जुनी ७×५७ : साइटला हात न लावता

१४ जानेवारी २०२३

रायफल आली एकदाची. लायसन्सवर नोंद, रीलोडिंगची (घरी काडतुसं भरण्याची) परवानगी, सगळी कागदपत्रं उरकेपर्यंत अर्धा जीव गेला, पण आता टेबलावर आहे आणि मी नुसता बघत बसलोय. मॉझर ९८ अ‍ॅक्शन (बोल्टची लोखंडी यंत्रणा), कॅलिबर ७×५७ (नळी ७ मिमीची, काडतुसाची पितळी केस ५७ मिमी लांब), पहिल्या महायुद्धाच्या आधीची शिकारी रायफल. पातळ लांब बॅरल, त्यावर नेम धरायची एक्सप्रेस साइट म्हणजे एक उभी पाती आणि दोन घडीच्या पात्या, त्यावर १००, २००, ३०० अशी अंतरं कोरलेली. टेलिस्कोपसाठी कुणी भोकं पाडलेली नाहीत, हे फार मोठं नशीब.

सोबत पुठ्ठ्याचा फाटका डबा आलाय, त्यात ९ जुनी काडतुसं. लांबलचक, गोल नाकाच्या गोळ्या, करंगळीच्या टोकासारख्या. ही झाडायची नाहीत हे लगेच ठरवलं. एवढ्या जुन्या प्रायमरचा (काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टिकली) भरवसा नाही, खटका ओढल्यावर सेकंदभराने उडालं तर तोवर माणूस बोल्ट उघडून बसलेला असतो. डब्यावर "फायर करू नये" असं लिहून वरच्या कपाटात कुलपात ठेवला आणि विसरलो. (हे विसरणं पुढे महागात पडलं, कळेलच.)

प्रोजेक्ट म्हणजे हिला जुळणारं काडतूस घरी भरणं, आणि नियम एकच: साइटला कानस लावायची नाही. ज्याने ही बनवली त्याने त्या पात्या काहीतरी विचार करून बसवल्यात, तर काडतूस साइटकडे यायला हवं, साइट काडतुसाकडे नाही.

२२ जानेवारी

दिवसभर बॅरल साफ. पहिल्या दहा-बारा चिंध्या तपकिरी, मग काळ्या, मग अमोनियावालं सॉल्व्हंट लावलं तर निळ्या. निळा म्हणजे तांबं. कुणीतरी वर्षानुवर्षं नुसतं तेल फिरवून ठेवून दिली असणार, तांब्याचा थर तसाच. रॉड चेंबरच्या (काडतूस बसतं त्या) बाजूने, बोअर गाइड (रॉड मधोमध ठेवणारी नळी) लावूनच घालतोय, कारण मझलच्या म्हणजे नळीच्या तोंडाच्या कडेला रॉड घासून घासून कितीतरी चांगल्या नळ्या वाया गेल्यात.

साफ झाल्यावर चेंबरच्या पुढे साधारण चार बोटं गंजाचे बारीक खड्डे दिसले. जुन्या प्रायमरमधे पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळलं की पोटॅशियम क्लोराइड उरतं, म्हणजे मिठाचाच भाऊ, आणि ते हवेतलं पाणी ओढतं. तेलात मीठ विरघळत नाही. म्हणून त्या काळी फायरिंग झाल्यावर नळीत गरम पाणी ओतायचे आणि मग तेल. इथे कुणीतरी एका संध्याकाळी पाण्याचा कंटाळा केला आणि त्याची सही शंभर वर्षांनी मला दिसतेय. खड्डे उथळ आहेत, राहतील तसेच.

मऊ शिशाचा गोळा ठोकून पार केला, मायक्रोमीटरवर ग्रूव्हचा (नळीतल्या पिळाच्या खाचांचा) व्यास ७.२३ मिमी. बुलेट ७.२१ ची. म्हणजे नळी झिजलेली नाही. हुश्श.

५ फेब्रुवारी

स्टॉक (लाकडी दस्ता) उतरवला. लिहायला दोन शब्द, करायला दोन तास. या जुन्या स्क्रूंच्या खाचा इतक्या अरुंद असतात की घरातला स्क्रूड्रायव्हर त्यात तळाशी बसतच नाही, वरच्या कडेवर जोर येतो आणि कड मोडते. तीन पाती घासून खाचेच्या मापाची, दोन्ही बाजू समांतर अशी केली, आदल्या रात्री स्क्रूवर पेनिट्रेटिंग ऑइलचा एकेक थेंब सोडला, मग दाबून हळू फिरवले तर तिन्ही सुटले, एकालाही ओरखडा नाही. दिवसभरातली सगळ्यात समाधानाची गोष्ट हीच.

आत मात्र भीती होती तेच. टँगच्या (यंत्रणेच्या मागच्या शेपटीच्या) मागे अक्रोडाच्या लाकडाला केसासारखी भेग, दीड इंच. रायफल उभी ठेवली की अ‍ॅक्शनमधलं तेल खाली झिरपत राहतं, लाकूड तेल पिऊन मऊ होतं, मग रिकॉइल लग (धक्का लाकडाला देणारी लोखंडी कड) ज्या भिंतीला टेकतो ती भिंत दबते, अ‍ॅक्शन प्रत्येक बाराला किंचित मागे सरकते आणि टँग पाचरीसारखी लाकडात घुसते. म्हणजे भेग मागे दिसते, पण दुखणं पुढे आहे. नुसती भेग चिकटवली असती तर शंभर बारांत परत उघडली असती.

व्हाइटिंग पावडर (खडूची भुकटी) आणि अ‍ॅसिटोनचा लेप लावून तेल ओढायला ठेवलंय. सुकला की लेप पिवळा पडतो, खरवडायचा, परत लावायचा. उघड्या खिडकीत, विस्तवापासून लांब.

१९ फेब्रुवारी

सात लेप झाले, सातवा पांढराच राहिला. भेगेत पातळ इपॉक्सी सोडून दोरीने आवळून ठेवली. रिकॉइल लगच्या मागे इपॉक्सीचं बेडिंग (लोखंड नेमकं टेकेल असा थर) केलं, टँगच्या मागे अर्धा मिमी जागा मोकळी ठेवली. रिलीज एजंट दोनदा लावला आणि तिसऱ्यांदा उगाच भीतीपोटी, कारण तो विसरलात तर रायफल आणि स्टॉक यांचं लग्न लागतं आणि घटस्फोट फक्त छिन्नीने होतो.

सुटली दुसऱ्या दिवशी. जरा टकटक करावं लागलं, घाम फुटला होता.

५ मार्च

हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी जागा, तपासला. गो गेजवर बोल्ट बंद होतो, नो-गो वर होत नाही. एवढंच, पण हे झाल्याशिवाय पुढचं काही करायचं नव्हतं.

नवीन ब्रास आणलंय, ५० रिकाम्या पितळी केसेस. बुलेट १४० ग्रेनच्या (ग्रेन हे वजनाचं छोटं माप), टोकदार. का, तर सहज मिळाल्या. बाकी काही विचार नव्हता, आत्ता लिहून ठेवतो.

१२ मार्च

आजचा दिवस माझ्या मूर्खपणाला अर्पण.

केसेस पूर्ण साइझ करत होतो, म्हणजे दाबून मापाला आणत होतो. प्रत्येक केसला ल्यूब लावायचं, डायमधे (पोलादी साच्यात) ढकलायची, काढायची. ल्यूब जास्त झालं तर केसच्या खांद्याला खळगे पडतात, कमी झालं तर केस अडकते, म्हणून बोटाच्या पेरावर अंदाज घेत अगदी तब्येतीत चाललं होतं. तेवढ्यात फोन वाजला. परत आलो, ट्रेमधली पुढची केस उचलली आणि लिव्हर दाबला. दाबतानाच हाताला कळलं, एक कोरडा जडपणा असतो, पण हात थांबेपर्यंत केस आत गेली होती. लिव्हर वर केला तर शेलहोल्डरने (केसचं बूड धरणारा तुकडा) केसची कड फाडून आणली आणि केस राहिली डायमधे.

मग ती सुप्रसिद्ध शस्त्रक्रिया. डिकॅपिंग रॉड (जुना प्रायमर ढकलणारी दांडी) जेवढा वर घेता येईल तेवढा घेतला, प्रायमरच्या भोकातून ड्रिल मारलं, आटे पाडले, वर वायसर आणि जाड नट ठेवून बोल्ट आवळत नेला, प्रत्येक पाव फेऱ्याला कुईं कुईं, आणि शेवटी फट्कन सुटली. डाय वाचली. आता ल्यूब लावलेल्या केसेस डाव्या ट्रेमधे, न लावलेल्या उजव्या ट्रेमधे आणि फोन दुसऱ्या खोलीत.

ट्रिमिंग झालं. कमाल लांबी ५७.० मिमी, मी ५६.८ वर आणल्या. यात लाड चालत नाहीत, केसची मान लांब झाली तर ती चेंबरच्या टोकाला जाऊन बुलेटला चिमटीत पकडते आणि प्रेशर कुठल्या कुठे जातं.

२६ मार्च

पहिलं फायरिंग.

पावडर (दारू) किती ग्रेन ते इथे मुद्दाम लिहीत नाही. प्रत्येक नळी वेगळी, आणि कुणाच्या तरी वहीतला आकडा उचलून आपल्या रायफलमधे भरणं म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याने गाडी चालवणं. रीलोडिंगचं मॅन्युअल उघडा, सुरुवातीचा चार्ज (पावडरचं वजन) घ्या, वर चढा, तेही शंभरी ओलांडलेल्या स्टीलमधे वरच्या टोकाला जायचंच नाही. माझी पद्धत: प्रत्येक चार्ज तराजूवर, मग सगळ्या केसेस ब्लॉकमधे उभ्या करून टॉर्चने पावडरची पातळी बघायची, एकही वरखाली दिसली तर ती ओतून परत. आणि टेबलावर एका वेळी एकच पावडरचा डबा.

पहिले दोन बार रायफल टायरला बांधून, दोरीने, आडोशाला उभं राहून. केसेस बघितल्या, प्रायमरची कड गोल, बोल्ट सहज उघडतोय. मग खांद्याला लावली.

१०० मीटर, १०० ची पाती, पाच बार. ग्रुप (पाच भोकांचा पसारा) ९ सेंमी, उघड्या साइटवर आणि माझ्या चाळिशीच्या डोळ्यांवर हा वाईट नाही. पण सगळा ग्रुप १४ सेंमी खाली. क्रोनोग्राफवर (गोळीचा वेग मोजणारं यंत्र) सरासरी ८१० मीटर प्रति सेकंद.

९ एप्रिल

परत तेच. चार्ज कमी करून बघितला, ग्रुप किंचित वर आला, दोन-तीन सेंमी. सीटिंग डेप्थ (बुलेट केसमधे किती खोल बसते ते) बदलून बघितली, काही फरक नाही.

रेंजवर एक काका येतात, जुन्या रायफलींमधे हयात गेलेले. त्यांनी टार्गेट बघितलं, रायफल बघितली, म्हणाले, "अरे फ्रंट साइट घास की थोडी, दोन मिनिटांचं काम."

हिशोब त्यांचा बरोबर आहे. दोन साइटमधलं अंतर ५० सेंमी, १०० मीटरवर १४ सेंमी उचलायचेत, म्हणजे फ्रंट साइट ०.७ मिमी घासायची. तिच्या टोकाचा मणी खाली गेला की तो जागेवर आणायला नळी वर होते. घरी येऊन बारीक कानस काढूनसुद्धा ठेवली, खोटं कशाला बोला. मग हस्तिदंती मण्याकडे बघितलं, त्याच्या मागच्या उतारावर हाताने मारलेली उभी-आडवी जाळी आहे, भिंगातून बघितलं तर एक रेघ जरा वाकडी गेलीय आणि कारागिराने पुढची रेघ तिला सांभाळून घेतलीय. कानस परत खणात.

२२ एप्रिल

रात्री झोप येईना म्हणून कपाट उघडलं आणि तो पुठ्ठ्याचा डबा हाताला लागला.

कपाळावर हात मारून घेतला. तीन महिने "साइट कशासाठी बसवलीय" हा प्रश्न विचारतोय आणि उत्तर कुलपात ठेवलंय!

एका काडतुसाची बुलेट कॉलेट पुलरने हळूहळू ओढून काढली, हातोडीवाल्या पुलरमधे आपटायची हिंमत नव्हती. वजन १७२.८ ग्रेन. म्हणजे १७३ ची. मॉझरने ७×५७ आणलं १८९२ मधे, स्पेनच्या सैन्याने १८९३ ची रायफल घेतली त्यात हीच १७३ ग्रेनची गोल नाकाची गोळी होती, वेग ७०० च्या आसपास. नळीचा पीळ त्यासाठीच २२० मिमीला एक फेरा, इतका घट्ट. लांब गोळीला स्थिर राहायला घट्ट पीळ लागतो. हे सगळं मला वाचून माहीत होतं, तोंडपाठ होतं, पण दुकानात समोर १४० ची दिसली आणि उचलली.

जाता जाता: इंग्लंडमधे याच काडतुसाला .२७५ रिग्बी नाव मिळालं. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्यावर १९०७ मधे जिम कॉर्बेटना भेट मिळालेली रिग्बी याच कॅलिबरची, आणि आफ्रिकेत बेल नावाचा शिकारी हत्तींवरसुद्धा हेच वापरायचा, तोही लांब जड सॉलिड गोळीनेच. मी कागदावर मारतो. माझं भागतं त्यात.

मग जड गोळी वर का लागेल? वेग कमी, म्हणजे १०० मीटरपर्यंत उलट जास्त पडणार, माझ्या हिशोबाने तीनेक सेंमी जास्त. पण बार झाल्याक्षणी, गोळी नळीतच असताना रायफल मागे आणि वर उसळायला लागलेली असते. जड गोळी धक्का जास्त देते आणि नळीत जास्त वेळ राहते, त्यामुळे ती बाहेर पडते तेव्हा मझल जास्त वर गेलेलं असतं. साइट बसवणारा ही उसळी धरूनच मणी ठरवतो. माझी १४० ची हलकी पोरगी त्याआधीच पळून जात होती.

काकांना फोन केला. ते म्हणाले, "मग मी काय सांगत होतो!" त्यांनी यातलं काहीही सांगितलेलं नव्हतं, पण मी "हो काका" म्हटलं.

१४ मे

१७५ ग्रेनच्या गोल नाकाच्या बुलेट मिळवल्या. दोन ग्रेनचा फरक चालेल.

आधी माप: एका केसची मान उभी चिरली, त्यात बुलेट सैल बसवून बोल्ट हळू बंद केला, रायफलिंगला (नळीतल्या पिळाला) टेकून बुलेट मागे सरकली, बाहेर काढून कॅलिपरवर लांबी. जुन्या टोकदार बुलेटला रायफलिंगपर्यंत ४ मिमीहून जास्त उडी मारावी लागत होती, कारण हा थ्रोट (चेंबर आणि रायफलिंगच्या मधली जागा) लांब बुलेटसाठीच कापलाय. १७५ ची मॅगझिनमधे मावेल अशी बसवली तर उडी जेमतेम १ मिमी. आणि फीडिंग! टोकदार काडतुसं दर चार-पाचला अडखळायची, ही गोल नाकाची रॅम्पवरून अशी चढतात की बोल्टला दोन बोटं पुरतात.

बुलेट बदलली म्हणजे सगळं पहिल्यापासून, मॅन्युअलमधलं वेगळं पान, सुरुवातीचा चार्ज. १४० चा चार्ज १७५ खाली घालणं हा हात गमवायचा मार्ग आहे.

पहिले पाच: ६५० मीटर प्रति सेकंद, ग्रुप ८ सेंमी, मध्यापासून ४ सेंमी खाली. फक्त चार!! रेंजवर एकटाच होतो म्हणून ओरडलो.

११ जून

दोन पायऱ्या वर चढलो. ७०५ मीटर प्रति सेकंद, मूळच्या काडतुसाच्या जवळ, मॅन्युअलच्या कमालपासून अजून बराच खाली. उंची बरोबर मध्यावर. पण आता ग्रुप उजवीकडे ६ सेंमी. मागच्या महिन्यात नव्हतं हे.

पाती बघितली, हललेली नाही. बुलेट तीच, लॉट तोच. एक तास डोकं खाजवलं, चार्ज परत कमी-जास्त करायच्या बेतात होतो.

२५ जून

लोडचा (भरलेल्या काडतुसाचा) दोषच नव्हता. हवा दमट झालीय, आणि स्टॉकच्या आत कच्चं लाकूड उघडं आहे, तेल मीच ओढून काढलं होतं ना. कागदाची पट्टी बॅरल आणि फोरएंडच्या (स्टॉकचा पुढचा भाग) मधून सरकवली तर उजवीकडून सरळ जाते, डावीकडे टोकापासून तीन इंचावर अडकते. लाकूड फुगून बॅरलला डावीकडून ढकलतंय. चार्ज बदलत बसलो असतो तर दिवाळखोरीत निघालो असतो आणि हवा कोरडी झाल्यावर ग्रुप परत डावीकडे गेला असता.

रायफल दोन आठवडे कोरड्या कपाटात, सिलिका जेलसोबत. मग डावीकडे अगदी पुसट घासून आतल्या सगळ्या लाकडाला पातळ सीलरचे तीन हात, स्क्रूंच्या भोकांतसुद्धा. तीच जागा लोक विसरतात.

१६ जुलै

बाहेर चिकचिक आहे तरी ग्रुप मध्यावर. बार सावकाश केले, दर बारानंतर तीन मिनिटं, कारण ही पेन्सिलसारखी नळी तापली की चौथी-पाचवी गोळी वर चढते. तेलकट नळीतून जाणारा पहिला बार वेगळा पडतो, तो मोजत नाही.

ब्रासची तपासणी पण केली. चार वेळा फायर झालेल्या केसेसमधे वाकवलेली पेपरक्लिप घालून आतून खरवडत बघायचं, तळाच्या जरा वर खाच लागली तर केस तिथून तुटायच्या बेतात आहे. एकात अगदी पुसट लागली. चेपून टाकली. "अजून एकदा चालेल" हा आवाज डोक्यात येतोच, त्याला उत्तर द्यायचं नाही.

२० ऑगस्ट

१०० मीटर, १०० ची पाती, पाच बार, ग्रुप ६.५ सेंमी, मधोमध. पाचांचा ग्रुप तीनदा केला, कारण तीन बारांचा एखादा सुंदर ग्रुप कुणालाही मिळतो. ६.५, ७, ८. तिसऱ्यात एक बार माझाच होता, सोडतानाच कळलं.

मग इतक्या महिन्यांत न केलेली गोष्ट. २०० ची पाती उभी केली आणि २०० मीटरचं टार्गेट लावलं. एवढ्या लांब मणी अख्खं काळं वर्तुळ झाकतो, म्हणून वर्तुळाच्या खालच्या कडेला टेकवून धरला. पाच बार. चालत जाताना घाई करायची नाही असं ठरवलं होतं, शेवटचे वीस मीटर पळालोच. पाचही कागदावर, ग्रुप १७ सेंमी, ग्रुपचा मध्य माझ्या नेमाच्या दोन बोटं वर.

काका मागून येऊन बघत होते. चष्मा वर सरकवला, म्हणाले, "कुठवर घासलीस शेवटी?"

"घासली नाही काका. तशीच आहे."

त्यांनी रायफल मागितली, मणी नखाने चाचपला आणि उरलेली पाच काडतुसं मला न विचारता झाडून टाकली. त्यांचा ग्रुप १४ सेंमी. बोललो नाही काही.

राहिलेली कामं: ३०० च्या पातीला रेंज लांब मिळत नाही, ते तसंच. पाच वेळा फायर झालेल्या केसेसच्या मानेला अ‍ॅनिलिंग, मान तापवायची, तळाला आच लागू द्यायची नाही. पुठ्ठ्याच्या डब्यात ८ उरलीत, डबा खालच्या कप्प्यात, समोर दिसेल असा ठेवलाय.